मोपा ते टोरांटो १२,८८० किलोमीटर, पण आईचा प्रवास नेमका किती तासांचा?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईला पहिल्यांदाच टोरांटोला भावाकडे पाठवायचंय, गणेश चवथ झाली की लगेच, वाळपईहून निघून गोव्यातल्याच मोपा विमानतळावरून विमान. एक साइट सांगते अंतर १२,८८० किलोमीटर आणि वेळ साडेसोळा तास, दुसरी तेच अंतर धरून सव्वाचौदा तास सांगते, आणि तिकिटं बघायला गेलं तर २३ तासांपासून ३१ तासांपर्यंत काहीही दिसतं. मग ह्यातलं खरं कुठलं आणि सगळ्यात कमी किलोमीटरचा रूट कुठला घ्यायचा.

मी आखातात एका एअरलाइनच्या कंट्रोल रूममध्ये फ्लाइट डिस्पॅचर होतो, आता डिचोलीत घरी असतो. डिस्पॅचर म्हणजे विमान सुटायच्या आधी कुठल्या मार्गानं न्यायचं, वारा कसा आहे, इंधन किती भरायचं, मध्येच उतरायची वेळ आली तर कुठे उतरवायचं, हे सगळं जमिनीवर बसून ठरवणारा माणूस. तर सरळ सांगतो, किलोमीटर बघून तिकीट काढू नका. गोव्याहून टोरांटोला जायचे जेवढे म्हणून नेहमीचे मार्ग आहेत त्यांच्यात अंतराचा फरक फार तर पाच-साडेपाचशे किलोमीटरचा आहे, म्हणजे हवेत अर्ध्या-पाऊण तासाचा. खरा फरक पडतो मधल्या थांब्याचा, वाऱ्याचा, आणि कुठल्या देशाचं आकाश कुठल्या विमानाला बंद आहे त्याचा. हे एकेक करून लिहितो, लांब होईल पण आईचा पहिलाच प्रवास आहे म्हणून नीट वाचा.

आधी त्या दोन आकड्यांचं कोडं. दोन्ही साइट खोटं बोलत नाहीत, दोघी फक्त भागाकार करतात. मोपाचे अक्षांश-रेखांश आणि टोरांटोच्या पिअरसन विमानतळाचे अक्षांश-रेखांश घेतले की पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर येतं साधारण १२,८८० किलोमीटर. हेच आपल्या जमिनीवरच्या मैलात ८,००० मैल होतं आणि आम्ही विमानवाले जो नॉटिकल मैल वापरतो त्यात ६,९५५, कारण नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. कुठे नुसतं मैल लिहिलेलं दिसलं तर कुठला मैल ते आधी बघा, लोक इथेच निम्मे गोंधळतात. आता पहिली साइट काय करते, ताशी ५०० मैल वेग धरते आणि चढ-उतारासाठी वर अर्धा तास टाकते, झाले साडेसोळा तास. दुसरी ताशी ९०० किलोमीटरनं भागते, झाले सव्वाचौदा. ह्या दोन्हीत वारा नाही, बंद आकाश नाही, धावपट्टीपर्यंत जायची रांग नाही, आणि मुख्य म्हणजे मोपाहून टोरांटोला थेट विमानच नाही, त्यामुळे हा आकडा कुठल्याच खऱ्या प्रवासाचा नाही.

वेगाचं म्हणाल तर ९०० हा आकडा चुकीचा नाही. बोईंग ७७७ किंवा ७८७ सारखी मोठी विमानं आवाजाच्या वेगाच्या ८४-८५ टक्क्यांवर उडतात. ३५ हजार फुटांवर बाहेर उणे ५४ अंशांच्या आसपास थंडी असते, थंड हवेत आवाज हळू जातो, ताशी एक हजार पासष्ट किलोमीटरच्या आसपास, त्याचे ८५ टक्के म्हणजे ९०० आलेच. पण हा वेग हवेतला आहे, जमिनीवरून मोजलेला नाही, आणि हा फरक पुढे कामाला येणार आहे.

आता मार्ग. भिंतीवरच्या सपाट नकाशावर बघितलं तर वाटतं गोव्याहून पश्चिमेला अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असं जायला पाहिजे. तसं नाहीये. मुलांच्या शाळेत पृथ्वीचा गोल असतो ना, त्याच्यावर एक दोरा गोव्यावर धरा आणि दुसरं टोक टोरांटोवर ताणा, दोरा सरळ उत्तरेकडे पळतो, जरासा पश्चिमेला कललेला. मोपाहून निघून मुंबईच्या जवळून, मग पाकिस्तानातलं बलुचिस्तान, अफगाणिस्तान, उझबेकिस्तानच्या बाजूनं कझाकस्तान, रशिया, फिनलंडचा वरचा भाग, नॉर्वे, आइसलँडच्याही वर जवळजवळ ७० अंश उत्तरेला, मग ग्रीनलँडवरून खाली उतरून लॅब्रॅडॉर, क्वेबेक आणि टोरांटो. ह्याला ग्रेट सर्कल म्हणतात. गंमत अशी की मुंबई ह्या दोराच्या अगदी जवळ पडते, आणि दिल्ली थोडी बाजूला असली तरी वाट फारशी लांबत नाही.

म्हणून दिल्लीवरून गेलं तर मागे गेल्यासारखं होईल का, असं जे तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर नाही असं आहे. मोपा-दिल्ली साधारण १,४६५ किलोमीटर, दिल्ली-टोरांटो साधारण ११,६४०, बेरीज १३,१०० च्या आसपास, म्हणजे सरळ रेषेपेक्षा फक्त सव्वादोनशे जास्त. मुंबईवरून गेलं तर बेरीज जवळपास सरळ रेषेएवढीच येते, कारण मुंबई त्या रेषेवरच आहे म्हटलं तरी चालेल. दुबईवरून २,२०० अधिक ११,०८०, म्हणजे १३,२८०. लंडनवरून ७,५६० अधिक ५,७००, म्हणजे तेही १३,२६० च्या घरात. दोहावरून थोडं जास्त, १३,४०० च्या वर. बघा, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त ह्यात साडेपाचशे किलोमीटर, हवेतली पस्तीस-सदतीस मिनिटं. आणि तुमच्या तिकिटांमध्ये फरक आठ तासांचा आहे. म्हणजे ते आठ तास किलोमीटरमुळे नाहीतच.

मग दोऱ्यावरून विमान का जात नाही. कारण आकाशाला मालक असतात. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आपण त्यांच्या विमानांना केलं, आणि ती बंदी महिन्या-महिन्यानं पुढे ढकलत राहिली. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं. दिल्लीहून निघालेल्या भारतीय विमानाला ह्याचा सगळ्यात जास्त त्रास, कारण दिल्लीच्या पश्चिमेला लगेच पाकिस्तान, त्यामुळे आधी खाली गुजरातकडे यायचं, समुद्रावर जायचं, ओमान-आखाताच्या बाजूनं वळसा घालून मग वर युरोपकडे. तास-दीड तास सहज वाढतो, आणि त्या दिशेला वारा तोंडावर असेल तर अजून. २०२५ च्या मे महिन्यात एअर इंडियाच्या काही अमेरिका-कॅनडाकडच्या विमानांना व्हिएन्ना आणि कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागत होतं, आणि दिल्ली-वॉशिंग्टन सेवा तर सप्टेंबर २०२५ पासून थांबवलीच, त्यामागचं एक कारण हेच होतं.

रशियाचं प्रकरण उलटं आहे. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर कॅनडा, अमेरिका, युरोप ह्यांनी रशियन विमानांना बंदी घातली आणि रशियानं त्यांच्या विमानांना. भारतीय विमानाला मात्र रशियावरून जाता येतं. म्हणजे दिल्ली-टोरांटो ह्या एकाच अंतरासाठी भारतीय कंपनीच्या विमानाला पाकिस्तान बंद आणि रशिया उघडं, कॅनडाच्या विमानाला पाकिस्तान उघडं आणि रशिया बंद. दोघांचे मार्ग वेगळे, वेळ वेगळा, इंधन वेगळं. आखाती कंपन्यांच्या विमानांना ह्या दोन्ही बंद्या लागू नाहीत, पण त्यांची स्वतःची भानगड आहे, जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल युद्धात इराणचं आकाश बंद झालं आणि २३ जूनला कतारनं काही तासांसाठी आपलंच आकाश बंद केलं, तेव्हा वाटेत असलेली विमानं मिळेल तिथं उतरली. म्हणून तुम्हाला म्हणतो की तीन महिन्यांपूर्वी कुणाला किती तास लागले ते विचारून उपयोग नाही, तिकीट काढताना त्या तारखेचा छापलेला वेळ बघा आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी परत बघा. कंपन्या वेळ बदलतात तेव्हा मेसेज तिकिटावर दिलेल्या नंबरावर जातो, म्हणून एजंटनं स्वतःचा नंबर टाकला असेल तर बदलून तुमचा टाकून घ्या.

वाऱ्याबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात, की जाताना साडेचौदा-पंधरा तास आणि येताना तेरा-साडेतेरा कसे, पृथ्वी फिरते म्हणून का. नाही, पृथ्वीबरोबर हवाही फिरते त्यामुळे तो हिशेब थेट लागत नाही. वर तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, थंडीत तर ताशी दोनशे-तीनशे किलोमीटर. पावसात म्हादईला पाणी चढलेलं असताना होडी प्रवाहाविरुद्ध नेणं आणि प्रवाहाबरोबर सोडणं ह्यात जो फरक तोच इथे. दिल्ली-टोरांटोचं उदाहरण घ्या, पूर्ण वाटेवर सरासरी फक्त ५० किलोमीटरचा वारा धरला तरी जाताना ताशी ८५० पडतात आणि तेरा तास बेचाळीस मिनिटं लागतात, येताना ताशी ९५० आणि सव्वाबारा तास. जवळजवळ दीड तासाचा फरक, किलोमीटर तेच. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला ब्रिटिश एअरवेजचं विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी साडेसहा-सात तासांचा प्रवास, वादळामुळे वारा पाठीवर मिळाला म्हणून.

ह्यामुळे डिस्पॅचर कधीकधी मुद्दाम लांबचा मार्ग निवडतो. जमिनीवर मोजलं तर तीनशे किलोमीटर जास्त, पण तोंडावरचा वारा टळला म्हणून वीस मिनिटं आधी पोचतो आणि दोन-अडीच टन इंधन वाचतं. आमच्याकडे कॉम्प्युटर रोज नवा वाऱ्याचा अंदाज घेऊन सगळे मार्ग तपासतो आणि विमान सुटायच्या काही तास आधी अंतिम प्लॅन निघतो, म्हणून सोमवारचं विमान ग्रीनलँडवरून आणि मंगळवारचं त्याच नंबरचं विमान आयर्लंडवरून जाताना दिसेल. भाऊ घरी बसून मोबाइलवर आईचं विमान बघणार असेल तर त्याला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर विमान वाकडं गेलं म्हणून उगाच घाबरायचा.

इंधनाची काळजी तुम्ही लिहिली होती, की एवढ्या लांब मध्ये काही झालं तर. एवढ्या प्रवासाला मोठ्या विमानात शंभर टनांच्या आसपास इंधन जळतं. पण भरताना फक्त तेवढंच भरत नाहीत, वाटेत वारा बदलला तर त्यासाठी काही टक्के वेगळं, टोरांटोला उतरता आलं नाही तर जवळच्या दुसऱ्या विमानतळापर्यंत जायचं वेगळं, आणि त्याच्यावर आणखी अर्धा तास हवेत राहता येईल एवढं शेवटचं राखीव. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाचा मार्ग असाच आखतात की एक इंजिन बंद पडलं तरी ठरलेल्या वेळात पोचता येईल असा विमानतळ सतत आवाक्यात राहील. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान इंजिनात बिघाड दिसल्यावर रशियातल्या मगदानला सुखरूप उतरलं, ते उगाच सापडलेलं ठिकाण नव्हतं, असे विमानतळ प्लॅनमध्ये आधीच धरलेले असतात. आईला एवढंच सांगा की वाट लांब आहे पण वाटेवर थांबायच्या जागा ठरलेल्या आहेत.

आता तिकिटावरचा वेळ. तिकिटावर जे छापलेलं असतं ते हवेतले तास नसतात, विमान गेटवरून मागे ढकललं तिथपासून समोरच्या गेटला लागलं तिथपर्यंतचा वेळ असतो, त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. दिल्लीत गर्दीच्या वेळी नुसतं धावपट्टीपर्यंत जायला पंचवीस मिनिटं लागतात. टोरांटोला थंडीत परत निघताना विमानाच्या पंखांवरचं बर्फ औषधी पाण्यानं धुवावं लागतं, पिअरसनला त्यासाठी वेगळी मोठी जागाच आहे आणि बर्फ पडत असेल तर तिथं रांग लागते. कंपन्या हे सगळं धरून थोडा वेळ वाढवूनच छापतात, त्यामुळे विमान अर्धा तास आधी पोचलं तर नवल नाही. आधी पोचल्यावर गेट रिकामं नसलं तर बसून राहावं लागतं, ते वेगळं.

इथपर्यंत हवेतलं झालं. तुमचे २३ आणि ३१ तास कुठून आले ते आता, आणि माझ्या मते आईसाठी हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा. तो म्हणजे मधला थांबा, दोन विमानांच्या मधला वेळ. हवेतले सतरा-अठरा तास वजा केले तर २३ तासांच्या तिकिटात थांबा साधारण पाच तासांचा उरतो, ३१ च्या तिकिटात तेरा तासांच्या आसपास किंवा दोन-दोन थांबे. लोक ह्याहूनही कमी तासांचं शोधून उचलतात कारण आकडा कमी दिसतो. पहिल्यांदा एकटी जाणारी, इंग्रजी बोर्ड सावकाश वाचणारी बाई असेल तर दोन तासांचा थांबा मी कधीच सुचवणार नाही, गोव्याचं विमान पावसात किंवा धुक्यात पाऊण तास उशिरा सुटलं की दिल्लीत धावपळ सुरू. दिल्लीत देशांतर्गत विमानातून उतरून इमिग्रेशन, मग सिक्युरिटी, मग लांबच लांब चालणं, ह्याला दीड तास सहज जातो. साडेतीन ते पाच तासांचा थांबा मला बरा वाटतो. त्याहून जास्त झाला तर खुर्चीवर बसून पाय सुजतात, त्याहून कमी झाला तर जीव वर-खाली होतो.

आणि तिकीट एकच पाहिजे, म्हणजे मोपा ते टोरांटो एका पीएनआरवर, एकाच बुकिंग नंबरवर. मोपा-दिल्ली स्वस्तात वेगळं आणि दिल्ली-टोरांटो वेगळं असं काढलं की चारएक हजार वाचतात, पण पहिलं विमान चुकलं-लांबलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नाही, पूर्ण लांबचं तिकीट बुडतं. एका पीएनआरवर असेल तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची, आणि बॅगही साधारणपणे मोपाला दिली की टोरांटोलाच मिळते, काउंटरवर बॅगेच्या चिठ्ठीवर टोरांटोचा कोड वायवायझेड लिहिलाय ना ते मात्र बघून घ्या. टर्मिनलही बघा. मुंबईत टी-१ आणि टी-२ मध्ये रस्त्यानं चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे, दिल्लीतही टी-१ वर उतरलं तर टी-३ ला बसनं किंवा टॅक्सीनं जावं लागतं. हे किलोमीटर कुठल्याच अंतर काढणाऱ्या साइटवर येत नाहीत, आणि आईला बारा हजार किलोमीटरपेक्षा हेच चार किलोमीटर जड जातील.

तसंच मोपा आणि दाबोळी. गोव्यात दोन विमानतळ आहेत हे आपल्याला माहीत, पण परदेशातून ऑनलाइन तिकीट काढणाऱ्या मुलांना नसतं. मोपाचा कोड जीओएक्स, दाबोळीचा जीओआय. साइटवर नुसतं गोवा टाकलं की दोन्ही मिसळून येतात आणि जातानाचं मोपाहून, येतानाचं दाबोळीला असं तिकीट सहज निघतं. मोपाहून जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली, दोन्हींच्या मध्ये साठएक किलोमीटरचा रस्ता आहे. तुम्हाला वाळपईहून साखळी-डिचोली करत धारगळच्या लिंक रोडनं मोपा दीड तासात होईल, तरी पावसाचे दिवस असतील तर दोन तास हातात ठेवा. भावाला म्हणावं कोड बघूनच पैसे भर.

घड्याळाचा हिशेब इथे बऱ्याच जणांचा चुकतो, कारण तिकिटावर प्रत्येक ठिकाणचा स्थानिक वेळ असतो. टोरांटो आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. तिथं मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. आई चवथीनंतर लगेच जाणार म्हणजे जाताना फरक साडेनऊ. समजा दिल्लीहून रात्री ३ ला विमान सुटलं आणि टोरांटोला सकाळी ८ ला पोचलं, कागदावर पाच तास दिसतात, त्यात साडेनऊ मिळवा, साडेचौदा तास झाले. येताना उलट. समजा फेब्रुवारीत टोरांटोहून रात्री १० ला निघून दिल्लीला दुसऱ्या दिवशी रात्री १० ला पोचली, कागदावर चोवीस तास, त्यातून साडेदहा वजा करा, साडेतेरा. हाच प्रवास घड्याळ पुढे केल्यानंतर मार्चअखेर असेल तर साडेनऊ वजा करायचे. साइटवर एकूण प्रवासवेळ असं वेगळं लिहिलेलं असतं तेच बघा, तो आकडा घड्याळाचा फरक काढून टाकलेला असतो.

घरापासून घरापर्यंत मांडून दाखवतो, दिल्लीमार्गे. वाळपई ते मोपा दीड तास, विमानतळावर दोन-अडीच तास आधी, मोपा-दिल्ली दोन तास चाळीस मिनिटं, दिल्लीत चार तास, दिल्ली-टोरांटो पंधरा तास धरा, उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅग सव्वा तास, पुढे भावाच्या घरापर्यंत अर्धा-पाऊण तास. सत्तावीस-साडेसत्तावीस तास झाले. ह्यातले हवेतले सतरा-अठरा, बाकी सगळं बसणं, उभं राहणं आणि चालणं. म्हणून सांगतो व्हीलचेअर लिहून घ्या, तिकीट काढतानाच. चालता येतं तरी घ्या, लाज वाटायचं काही कारण नाही. व्हीलचेअर घेऊन येणारा माणूस तिला इमिग्रेशनपासून गेटपर्यंत नेऊन सोडतो, वाट शोधायची चिंता राहत नाही, आणि पहिल्या प्रवासात पायांपेक्षा वाट शोधण्याचाच ताण जास्त असतो.

औषधांचं पण तासांशीच नातं आहे. आईला शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर घड्याळ बघून नाही, किती तास झाले ते मोजून घ्यायचं असतं, कारण पश्चिमेला जाताना तो दिवस साडेनऊ तासांनी लांबतो, मध्ये जेवण एक जास्त होतं. डॉक्टरकडे तिकीट घेऊन जा आणि कागदावर लिहून आणा, गोव्याच्या वेळेप्रमाणे अमुक वाजता ही गोळी, तमुक वाजता ती. हातातलं घड्याळ पोचेपर्यंत गोव्याच्याच वेळेवर ठेवायला सांगा. औषधं हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत अजिबात नको. आणि विमानात दर दीड-दोन तासांनी उठून चार पावलं चालायचं, पाणी पीत राहायचं, आपल्या बायका बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणीच पीत नाहीत, ते चुकीचं आहे, एवढा वेळ एका जागी बसून पायात रक्त साकळू शकतं. म्हणून सीट आयलची घ्या, खिडकीची नको, शेजाऱ्यांना उठवायला संकोच करून ती पंधरा तास बसून राहील.

थेट विमान का नाही, असंही विचारलं होतंत. विमानाला जमत नाही असं नाही, ७८७-९ चा पल्ला १४ हजार किलोमीटरच्या आसपास आहे आणि सिंगापूर-न्यूयॉर्क तर १५,३०० च्या वर रोज उडतं. पण तसं विमान भरायला वर्षभर रोज अडीचशे-तीनशे माणसं लागतात, आणि त्यातले बरेच जण महागडी सीट घेणारे असले तरच इंधन परवडतं. गोव्यातून टोरांटोला तेवढी रोजची माणसं नाहीत, म्हणून दिल्ली, मुंबई, आखात किंवा युरोपात गोळा करूनच नेणार. कुणी एजंट गोवा-टोरांटो डायरेक्ट म्हणून विकत असेल तर एकाच फ्लाइट नंबरवर मध्ये थांबणारं विमान आहे का ते विचारा.

आता मला विचाराल तर मी तुमच्या आईसाठी काय काढलं असतं. जाताना दिल्लीमार्गे, एका पीएनआरवर, चार तासांच्या आसपास थांबा. कारण थांबा भारतातच, हिंदी बोलता येतं, काही अडलं तर फोन लगेच लागतो, कुणाला विचारायला भीती वाटत नाही. दुसरं लांबचं विमान एकदा पकडलं की पुढे टोरांटोपर्यंत काहीच करायचं नाही. आखातातून गेलं तर पहिला टप्पा साडेतीन तासांचा आणि दुसरा चौदा तासांचा, एकूण वेळ जवळपास तेवढाच, पण मधला विमानतळ परका. ज्यांनी आधी प्रवास केलाय त्यांना तो मार्ग उत्तमच आहे.

येताना मात्र मी आखातमार्गे थेट मोपाला उतरणारं तिकीट मिळतंय का ते आधी बघितलं असतं. कारण परदेशातून दिल्ली-मुंबईला उतरून पुढे गोव्याला यायचं तर साधारणपणे तिथंच बॅगा उचलून कस्टम करावं लागतं आणि परत बॅगा द्याव्या लागतात, कॅनडाहून निघताना भावानं दोन मोठ्या बॅगा भरून दिलेल्या असणारच, त्या ट्रॉलीवर चढवणं-उतरवणं आईला एकटीला होणार नाही. आखातातून मोपाला आली तर कस्टमही मोपाला आणि तुम्ही बाहेर उभे. तेव्हापर्यंत तो मुलूख शांत आहे का हे बघूनच ठरवा, नाहीतर परतीचंही दिल्लीमार्गे घ्या आणि दिल्लीतला थांबा पाच तासांचा ठेवा, व्हीलचेअरवाला माणूस बॅगेच्या पट्ट्यापाशी मदत करतो, त्याला आधीच सांगायचं.

परतीची तारीख मार्चची ठरत असेल तर घड्याळ बदलायचा तो दुसरा रविवार टाळा, त्याच्या आधीची किंवा नंतरची घ्या. आणि तिकीट काढल्यावर तारखा, फ्लाइट नंबर आणि थांबा इथे लिहा, टर्मिनल आणि वेळ जुळतात का ते मी बघून सांगतो, पैसे भरून चोवीस तास व्हायच्या आत लिहिलंत तर बदलायला सोपं जाईल.